मिल्टनमागची कॅरोलिन

डिसेंबर १९९४ मध्ये लंडनच्या ऑलिम्पिया सभागृहात एका घोड्याला निरोप देण्यात आला. मिल्टन त्याचं नाव. वय सतरा, रंग पांढराशुभ्र, आणि नावावर दहा लाख पौंडांहून जास्त बक्षिसाची कमाई. शर्यतीचे घोडे सोडले तर एवढी रक्कम तोवर दुसऱ्या कुठल्याच घोड्याने मिळवलेली नव्हती. हे सगळं त्याच्या पाठीवर बसून जिंकलं ते यॉर्कशरच्या जॉन व्हिटेकरने. त्यामुळे मिल्टन म्हटलं की व्हिटेकर, हे समीकरण लोकांच्या डोक्यात पक्कं बसलं. ते खोटं नाही, अपुरं आहे. व्हिटेकरच्या आधी हा घोडा कॅरोलिन ब्रॅडलीचा होता. तिने तो शिंगरू असतानाच हेरला, आपल्या पागेत आणला, वाढवला, फेरला. तो सहा वर्षांचा असताना ती गेली.

जून १९८३. इप्सविचला सफोक काउंटीचा वार्षिक मेळा होता. शेतीची अवजारं, गाईगुरं, मेंढ्या आणि त्यातच एका बाजूला घोड्यांच्या स्पर्धा, असा इंग्लंडमधल्या ग्रामीण मेळ्यांचा थाट असतो. कॅरोलिन आपली फेरी पुरी करून रिंगणाबाहेर आली आणि काही मिनिटांतच कोसळली. हृदय बंद पडलं होतं. वय अवघं ३७.

आपल्याकडे घोडा म्हटला की डोळ्यांसमोर येतो महालक्ष्मीचा किंवा पुण्याचा रेसकोर्स. तिथला हिशेब सरळ: जो आधी पोचला तो जिंकला. शो जम्पिंगचं गणित वेगळं. रिंगणात डझनभर अडथळे मांडलेले असतात, वरच्या पातळीवर त्यांची उंची दीड मीटरच्या पुढे जाते. दांडा पडला की चार दोषगुण. ठरलेली वेळ ओलांडली की आणखी दंड. धाव नुसती जोराची असून चालत नाही. अडथळ्यापासून नेमक्या अंतरावर नेमकं पाऊल पडावं लागतं, आणि ते पाडायला घोडा आतूनबाहेरून तयार लागतो. भरधाव पळणारं जनावर जन्मतः मिळतं. तीन ढांगांत वेग आवरून मागच्या पायांवर भार घेणारं जनावर मात्र कुणीतरी वर्षानुवर्षं खपून तयार केलेलं असतं. कॅरोलिनचं खरं काम हे होतं.

तिचा जन्म १९४६ चा. ती मोठी होत होती तेव्हा या खेळात बायकांना दार नुकतं किलकिलं झालं होतं. ऑलिंपिकच्या जम्पिंगमध्ये स्त्रियांना पहिल्यांदा उतरू दिलं ते १९५६ साली. त्या वर्षीच्या घोडेस्वारीच्या स्पर्धा स्टॉकहोमला झाल्या, आणि ब्रिटनच्या पॅट स्माइदने संघासोबत कांस्यपदक मिळवलं. तरीही जागतिक आणि युरोपियन अजिंक्यपदाच्या स्पर्धा बायकांसाठी पुढे बरीच वर्षं वेगळ्याच भरत. पुरुष आणि बायका एकाच यादीत आले ते सत्तरच्या दशकात. घोड्याला पाठीवर कोण बसलंय याने फरक पडत नाही, हे समितीवाल्या माणसांना कळायला इतका वेळ का लागावा, देव जाणे.

कॅरोलिनच्या कारकिर्दीचा मागोवा घ्यायचा तर वर्षांपेक्षा घोड्यांच्या नावांनी घेतलेला बरा. न्यूयॉर्कर, ट्रू लास, टायग्रे, मारियस, मिल्टन. प्रत्येकाचा स्वभाव निराळा आणि प्रत्येकाला लागणारी शिकवणही निराळी.

१९७५ मध्ये न्यूयॉर्करला घेऊन तिने हॅम्बुर्गची डर्बी जिंकली. नावात डर्बी असली तरी ही शर्यत नव्हे, उड्यांचीच स्पर्धा. क्लाइन फ्लॉटबेकच्या मैदानावर एडुआर्ड पुल्व्हरमानने १९२० मध्ये आखलेला तिचा मार्ग जवळजवळ तसाच्या तसा आजही वापरात आहे. सव्वा किलोमीटरच्या आसपास लांबी, अडथळे सतरा, पण काही दुहेरी-तिहेरी असल्यामुळे उड्या चोवीस. या मार्गाचा सगळ्यांत वाईट टप्पा म्हणजे मातीचा मोठा बांध. घोडा एका बाजूने वर चढतो, माथ्यावर येतो आणि खाली बघतो तर जवळजवळ कडाच. सुमारे तीन मीटरचा उभा उतार. मागचे पाय पोटाखाली घेऊन घसरत उतरायचं, आणि खाली पोचून श्वास घ्यायच्या आत फळ्यांचा उंच अडथळा पार करायचा. माथ्यावर नुसती टाच मारून काही साधत नाही, लगाम खेचला तर घोडा हबकून तिथेच उभा राहतो. त्या क्षणी घोड्याला एकच गोष्ट खाली नेते: आजवर हिने आपल्याला जिथे नेलं तिथे आपलं वाईट झालं नाही, ही आठवण. एकही दोष न घेता ही फेरी पुरी करणारे घोडे दरवर्षी हाताच्या बोटांवर मोजता येतात, कधी एकही नसतो.

त्याआधीच्या वर्षी, १९७४ मध्ये, वेम्बलीच्या ‘हॉर्स ऑफ द इयर शो’मध्ये तिने ट्रू लासवरून प्यूइसान्स जिंकली होती. हा प्रकार म्हणजे भिंत. लाल विटांसारख्या दिसणाऱ्या पोकळ लाकडी ठोकळ्यांची भिंत दर फेरीला उंच करत न्यायची, शेवटी पाठीवरच्या स्वारालाही पलीकडचं दिसत नाही इतकी. बायका या प्रकाराच्या वाट्याला तेव्हा फारशा जात नसत.

टायग्रेने तिला पदकं दिली. १९७८ ला आखेनच्या जागतिक स्पर्धेत डेव्हिड ब्रूम, माल्कम पायरा, डेरेक रिकेट्स आणि कॅरोलिन ब्रॅडली या चौघांच्या ब्रिटिश संघाने सुवर्ण मिळवलं. चौघांत बाई एकच. पुढच्या वर्षी रॉटरडॅमला युरोपियन अजिंक्यपदाचं सांघिक सुवर्ण, पुन्हा टायग्रेवरच. १९८० मध्ये बायकांसाठीचा क्वीन एलिझाबेथ कपही याच घोड्यावर. ऑलिंपिक मात्र तिच्या नशिबात आलं नाही, ना टायग्रेवर ना दुसऱ्या कुठल्या घोड्यावर.

शो जम्पिंगमधला स्वार बहुतेक वेळा परक्या मालकाच्या घोड्यावर बसतो, हे इथे सांगायला हवं. पैसा मालकाचा, घाम स्वाराचा. घोडा नावारूपाला आला की त्याची किंमत वाढते, आणि किंमत वाढली की तो विकला जाण्याची किंवा दुसऱ्या स्वाराकडे जाण्याची शक्यताही वाढते. म्हणजे काम जितकं चांगलं कराल तितकं ते हातातून निसटण्याचा धोका मोठा. नावारूपाला आलेला घोडा अचानक पागेतून जाताना बघणं हे या धंद्यात नेहमीचं दुःख. त्यावर उपाय एकच: घोडा लहानपणीच घ्या, घरचा ठेवा आणि स्वतः वाढवा.

मारियस हा डच जातीचा वळू. वळू घेऊन स्पर्धा खेळणं म्हणजे दुहेरी जबाबदारी. माद्यांच्या वासाने, गर्दीने, दुसऱ्या नराच्या खिंकाळण्याने त्याचं लक्ष क्षणात उडतं. ताकद मापापेक्षा जास्त आणि मिजास त्याहून जास्त. म्हणून बरेचजण असा घोडा खच्ची करून मोकळे होतात. कॅरोलिनने त्याला तसाच ठेवून तयार केलं आणि १९७८ चा क्वीन एलिझाबेथ कप त्याच्यावर जिंकला. पहाटेपासून रात्रीपर्यंत एकामागून एक घोडे फेरत राहणं ही तिची ख्याती होती, आणि त्यातला मोठा भाग उड्यांचा नव्हताच. सपाट जमिनीवर दुडकी, वर्तुळं, मध्येच थांबणं, पुन्हा चालू लागणं, उजवीकडे जितकं सहज तितकंच डावीकडे वळणं. बघणाऱ्याला कंटाळवाणं वाटेल असं हे काम, पण रिंगणातल्या दोन अडथळ्यांमधली जागा भरून निघते ती यानेच. तिच्या मृत्यूनंतर कष्टांनीच तिचा जीव घेतला असं म्हणणं सोपं होतं. तसा निष्कर्ष काढण्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. मात्र तिने कष्ट केले हे घोड्यांच्या अंगावर दिसत होतं.

मिल्टन या मारियसचा मुलगा. आई ॲस्टन आन्सर. १९७७ मध्ये जन्मलेल्या या शिंगराचं पूर्ण नाव मारियस सिल्व्हर ज्युबिली ठेवलं होतं, कारण ते वर्ष राणी एलिझाबेथच्या राज्यारोहणाच्या रौप्यमहोत्सवाचं होतं. कॅरोलिनने बाप आपल्या हाताने घडवला होता. त्यामुळे मुलात काय उतरलंय हे तिला दुसऱ्या कुणापेक्षा आधी दिसणं साहजिक होतं. जातिवंत घोडा ओळखण्याच्या गप्पा पुष्कळ मारल्या जातात. बाप, मुलगा आणि दोघांचं शिक्षण हे सगळं एकाच हाताखाली असण्याचा योग मात्र क्वचितच येतो.

सहा वर्षांचा जम्पिंगचा घोडा म्हणजे प्राथमिक शाळेतलं पोर. हाडं नुकती पक्की झालेली असतात, मोठ्या अडथळ्यांची ओळख व्हायची असते, आणि त्याचे खरे दिवस दहाव्या वर्षानंतर येतात. जून १९८३ मध्ये मिल्टन नेमका या वयाचा होता. म्हणजे कॅरोलिनने पाया घातला आणि इमारत पाहिलीच नाही. तिचे आईवडील, डोरीन आणि टॉम ब्रॅडली, यांच्यापुढे आता हा तरणाबांड घोडा उभा होता. विकला असता तर पैसा मिळाला असता. त्यांनी विकला नाही. पुढे त्यांनी तो जॉन व्हिटेकरच्या हाती दिला, मालकी मात्र स्वतःकडेच ठेवली.

निवड अचूक ठरली. व्हिटेकर घोड्याशी झटापट न करणारा, हलक्या हाताचा स्वार. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये रायन्स सन या आपल्या जुन्या घोड्यावर त्याने सांघिक रौप्य मिळवलं होतं. मिल्टनच्या बाबतीत त्याने सगळ्यांत मोठं शहाणपण दाखवलं ते हे, की आधीचं शिक्षण पुसून आपलं नव्याने लिहायला तो बसला नाही. १९८७ ला सेंट गॅलनमध्ये युरोपियन सांघिक सुवर्ण आणि वैयक्तिक रौप्य. १९८९ ला वैयक्तिक आणि सांघिक दोन्ही सुवर्ण, आणि तेही रॉटरडॅमला, जिथे दहा वर्षांपूर्वी कॅरोलिनने टायग्रेवर सांघिक सुवर्ण घेतलं होतं. १९९० ला डॉर्टमुंड आणि १९९१ ला गोथेनबर्ग, लागोपाठ दोन वर्षं वर्ल्ड कपची अंतिम फेरी जिंकली. कधी ‘नेक्स्ट मिल्टन’, कधी ‘हेन्डरसन मिल्टन’, कधी ‘एव्हरेस्ट मिल्टन’: प्रायोजक बदलला की घोड्याच्या नावापुढचं आडनाव बदलायचं. घोड्याला त्याचं सोयरसुतक नव्हतं.

त्याची उडी बघायला लोक खास यायचे. गरज असेल त्यापेक्षा हातभर जास्त उंच उडायचा, वरती गेल्यावर मागचे पाय झटकून मोकळे करायचा, आणि फेरी संपली की आनंदाने पुढचे पाय उचलून बागडायचा.

१९९० च्या स्टॉकहोमच्या जागतिक स्पर्धेत मिल्टन आणि व्हिटेकर दुसरे आले. त्या काळी तिथे एक विलक्षण नियम होता. शेवटच्या चार स्वारांनी आपापल्या घोड्यावर एक फेरी करायची आणि मग उरलेल्या तिघांच्या घोड्यांवर एकेक. एरिक नावे, व्हिटेकर, युबेर बुर्दी, ग्रेग बेस्ट. चौघे अदलाबदल करत फिरले. मिल्टनच्या पाठीवर त्या दिवशी तीन अनोळखी माणसं बसली. २०१४ नंतर हा नियम काढून टाकला, घोड्यांवर फार ताण येतो म्हणून. ते योग्यच झालं. पण परक्या स्वाराचंही ऐकणारा घोडा म्हणजे मुळात नीट शिकवलेला घोडा, हे त्या नियमाने जितकं उघड व्हायचं तितकं दुसऱ्या कशाने होत नसे.

कॅरोलिनच्या आईवडिलांच्या एका निर्णयावर मात्र तेव्हा बरीच टीका झाली. १९८८ च्या सोल ऑलिंपिकला मिल्टनला पाठवायला त्यांनी नकार दिला. ब्रिटनमध्ये पुष्कळांना तो देशाचा तोटा वाटला. पण मुलीने मागे ठेवलेला घोडा अर्ध्या जगापलीकडे विमानाने पाठवायचा नाही, असं कुणी आईवडील म्हणत असतील तर त्यांच्याशी वाद तरी काय घालणार? १९९२ ला बार्सिलोनाला तो गेला. तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता आणि पदक आलं नाही. १९९९ मध्ये, बाविसाव्या वर्षी, व्हिटेकरच्या शेतावर तो मेला आणि तिथेच त्याला पुरलं. तो खच्ची केलेला असल्याने त्याच्यापुढे वंश चालला नाही.

एक चषक राहिलाच. १९११ पासून चालत आलेला किंग जॉर्ज पंचम सुवर्ण चषक हा ब्रिटिश जम्पिंगमधला सगळ्यांत मानाचा. तो फक्त पुरुषांसाठी होता, बायकांसाठी क्वीन एलिझाबेथ कप. कॅरोलिनने तो दोनदा जिंकला, पण राजाच्या चषकासाठी अर्ज करायची तिला मुभाच नव्हती. १९९० मध्ये तो चषक मिल्टनने जिंकला. म्हणजे तिने शिकवलेल्या घोड्याला जिथे प्रवेश होता तिथे तिला नव्हता. नियम बदलला २००८ मध्ये, आणि २०१४ ला अमेरिकेची बीझी मॅडन हा चषक जिंकणारी पहिली बाई ठरली.