टाळूची शिवण

जिभेचे टोक टाळूवर मधोमध फिरवून पाहा, बारीक उंचवटा लागेल. त्याच्या वर दोन्ही बाजूंच्या हाडांची शिवण असते. मुलांमध्ये ती खुली असते. तिथे नवे हाड भरत टाळू रुंदावते. दाढा येतात तशी ती मागे लांबते.

हे जुन्या सांगाड्यांतही पाहता येते. लंडनच्या स्पिटलफील्ड्स चर्चच्या तळघरात 1984-86 मध्ये सुमारे हजार सांगाडे मिळाले. साडेतीनशेहून अधिक जणांच्या शवपेट्यांवर नाव-वय होते. अशा सांगाड्यांच्या टाळू वयानुसार ओळीने मांडल्या, की वाढीचा क्रम दिसतो. मात्र लहानपणी दगावलेल्या मुलांची वाढ आजारपणाने खुंटलेलीही असू शकते.

वयात आल्यावर शिवण घट्ट होत जाते. म्हणूनच मुलाचा वरचा जबडा अरुंद वाटला, तर दंतवैद्याला वेळीच दाखवा.