वऱ्हाडीत विचारलेला प्रश्न आणि यंत्राचे उत्तर

कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आता प्रयोगशाळेतून निघून घरोघरच्या मोबाइलमध्ये येऊन बसली आहेत. भारत सरकारची 'भाषिणी' ही भाषांतर-योजना जुलै २०२२ मध्ये सुरू झाली. 'चॅटजीपीटी' त्याच वर्षी नोव्हेंबरात सर्वांस खुले झाले. पीएम-किसान योजनेविषयीच्या शंकांस उत्तरे देणारे 'किसान ई-मित्र' २०२३ साली, आणि राज्याच्या कृषी विभागाचे 'महाविस्तार' २०२५ साली आले. ही साधने कशी वापरावीत यासंबंधी विपुल लेखन होत आहे. मात्र ते करणारा बहुधा असे धरून चालतो की, वापरणारा मनुष्य प्रमाण मराठीत किंवा इंग्रजीत प्रश्न विचारील. यवतमाळ जिल्ह्यातील आर्णीसारख्या तालुक्याच्या ठिकाणी हे गृहीत टिकत नाही. येथे कापूस पिकविणारा शेतकरी वऱ्हाडी बोलतो आणि मोबाइलशीही तो वऱ्हाडीतच बोलणार. या वापराचा आरंभ कसा करावा, याचा विचार भाषाशास्त्राच्या दृष्टीने प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम यंत्राचे कार्य समजून घेतले पाहिजे. अफाट लिखित मजकुरावरून कोणत्या शब्दखंडानंतर कोणता शब्दखंड येण्याचा संभव किती, हे ते शिकलेले असते. उत्तर देताना ते असाच एकेक खंड पुढे जोडीत जाते. आपल्या प्रश्नाचेही ते प्रथम खंड पाडते. नेहमीचा शब्द त्यास सबंध किंवा थोड्या तुकड्यांत ओळखता येतो. अपरिचित शब्दाची मात्र शकले होतात. मराठीचा जो मजकूर छापला गेला व पुढे संगणकावर आला, तो बहुतांशी प्रमाण भाषेतील आहे. वऱ्हाडी मुख्यतः बोलली जाते, लिहिली क्वचितच जाते. (ज्या वऱ्हाडातील रिद्धपूरशी मराठीच्या आद्य गद्यग्रंथाचे, लीळाचरित्राचे, नाव जोडलेले आहे, तेथील बोलीस यंत्राने अशुद्ध मराठी समजावे, यात थोडा काव्यगत न्यायाचा अभावच आहे.)

बोलीची लक्षणे अभ्यासकांस नवीन नाहीत. ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात १९०५ सालीच वऱ्हाडीची नोंद झाली. 'मला' ऐवजी 'मले', 'ळ' च्या जागी 'य', 'ण' च्या जागी 'न' हे भेद वरवर किरकोळ वाटतात. 'पराटीले बोंडअयी लागली' हे वाक्य आर्णीच्या बाजारात कोणासही कळेल. पण तोंडाने विचारलेल्या प्रश्नाचे यंत्र आधी लेखन करते, आणि 'बोंडअयी' हा शब्द त्याच्या ओळखीचा नसेल तर ते ध्वनीने जवळचा असा एखादा प्रमाण शब्द तेथे बसवू शकते. पुढील उत्तर मग त्या भलत्याच शब्दाला दिलेले असते.

याहून सूक्ष्म अडचण क्रियापदाची आहे. वऱ्हाडीत 'अयी पानं खाऊन राहिली' म्हणजे अळी या क्षणी पाने खात आहे. हा चालू काळ आहे. प्रमाण मराठीच्या सवयीने तेच वाक्य वाचणारास 'पाने खाऊन झाली, अळी उरली' असे वाटण्याचा संभव आहे. 'पाऊस येऊन राहिला' या वाक्याची गंमत तर विशेष आहे. वऱ्हाडी माणूस सांगतो आहे की पाऊस येतो आहे, तेव्हा फवारणी नको. आणि 'राहणे' या क्रियापदाचा 'थांबणे' असाही एक अर्थ असल्यामुळे ऐकणारा समजतो की पाऊस येऊन थांबला, आता फवारणीस हरकत नाही. येथे शब्द सारे प्रमाण मराठीतलेच आहेत, लेखनही बिनचूक उतरेल, आणि अर्थ मात्र उलटा होईल.

हा केवळ व्याकरणाचा प्रश्न नव्हे. २०१७ च्या पावसाळ्यात व त्यानंतरच्या महिन्यांत याच यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्यू पावले आणि शेकडोंना रुग्णालयात न्यावे लागले. दाट वाढलेली पराटी, औषधांची मिश्रणे, अपुरे संरक्षण अशी अनेक कारणे त्या वेळी पुढे आली. अशा जिल्ह्यात 'एका पंपाले किती झाकन टाकू?' या प्रश्नाचे उत्तर यंत्राकडून घेणे मला सर्वथा अयोग्य वाटते. झाकण हे माप बाटलीगणिक बदलते, पंपाची क्षमता पंपागणिक. यंत्रापुढे यांपैकी काहीच नसते, तरी ते एक आकडा आत्मविश्वासाने सांगू शकते. औषधाच्या वेष्टनावरील प्रमाण आणि विषारीपणा दर्शविणारा रंग (लाल सर्वांत घातक, मग पिवळा, निळा व हिरवा) हे प्रमाण मानावे. शंका उरल्यास कृषी विभागाच्या तालुका कार्यालयात विचारावे.

मग आरंभ कोठून करावा? ज्या विषयात आपण स्वतः जाणकार आहोत तेथून. गावच्या शाळेसाठी पत्राचा मसुदा, एखाद्या शासन-निर्णयाचा सारांश, इंग्रजी परिपत्रकाचे मराठी रूपांतर या कामांत यंत्र चुकले तर चूक ताबडतोब दिसते व फारसे नुकसान होत नाही. आधार क्रमांक, बँकेचा तपशील यांसारख्या खाजगी गोष्टी मात्र त्यात घालू नयेत.

आणि एक सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी: तोंडी प्रश्न विचारल्यावर उत्तराकडे वळण्यापूर्वी यंत्राने आपला प्रश्न कसा लिहिला आहे ते वाचावे. ते पडद्यावर दिसत नसेल, अथवा पुरेसे वाटत नसेल, तर 'माझा प्रश्न तुझ्या शब्दांत पुन्हा सांग' असे त्यासच म्हणावे. पावसाच्या उदाहरणातील गैरसमज या एका वाक्याने उघडा पडू शकतो. ज्याला वाचता येत नाही त्याने घरातील शिकत्या मुलीस किंवा मुलास शेजारी बसवावे. वऱ्हाडी सोडून प्रमाण मराठीत बोला, असा उपदेश मी करणार नाही; परक्या भाषेत मोजूनमापून विचारलेला प्रश्न पुष्कळदा अपुरा असतो, आणि अपुऱ्या प्रश्नाने हानी कमी होत नाही.

वऱ्हाडीस निदान मराठीचा आधार आहे. जिल्ह्यातील बंजारा तांड्यांवरची गोरमाटी आणि कोलाम पोडांवरची कोलामी यांस तोही नाही. दोन्ही भाषा आठव्या अनुसूचीबाहेर आहेत. आदिवासी भाषांसाठी केंद्र सरकारने २०२५ मध्ये 'आदि वाणी' हे साधन प्राथमिक स्वरूपात आणले. त्याच्या पहिल्या टप्प्यात संताळी, भिली, मुंडारी व गोंडी होत्या, कोलामी नव्हती. कोलामीच्या वर्धा बोलीचे एमेनो यांनी केलेले वर्णन १९५५ सालचे आहे.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांस येथे करण्याजोगे काम आहे. आपापल्या गावचे पंचवीस प्रश्न, शेती, दवाखाना, रेशन यांविषयीचे, बोलणाराच्या तोंडून जसेच्या तसे ध्वनिमुद्रित करावेत. अर्थात त्याची संमती घेऊन. प्रत्येक प्रश्न यंत्रास ऐकवून त्याने केलेले लेखन, लावलेला अर्थ आणि बोलणाराचा मूळ अर्थ असे तीन रकाने मांडावेत. यंत्रे काही महिन्यांनी बदलतात. यास्तव दिनांक व साधनाचे नाव लिहिण्यास विसरू नये.