पोटाच्या पथ्याला कोणतं मांस?

इरिटेबल बाउल सिंड्रोमच्या, म्हणजे आयबीएसच्या रुग्णांना काही आठवडे 'लो-फॉडमॅप' आहार सुचवतात. ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठात विकसित झालेल्या या पथ्यात आतड्यात नीट न शोषली जाणारी, तिथे आंबून वायू करणारी कर्बोदकं टाळायची असतात. साध्या मटणात किंवा चिकनमध्ये ती नसतातच. अडचण येते ती पाकिटातल्या सॉसेज-नगेट्समध्ये, कारण त्यांत अनेकदा कांदा-लसणाची पूड आणि गव्हाचं पीठ असतं. शिवाय पाकिटावर आयएनएस 250 म्हणजे सोडियम नायट्राइट आणि 407 म्हणजे कॅराजीनन अशी मिसळलेली द्रव्यंही दिसतात, जी साध्या मटणात नसतात. म्हणून अक्कलकोटसारख्या गावात खाटकाकडून समोर कापून घेतलेलं मटण पथ्याला अधिक सोयीचं.

नायट्राइट जीवघेण्या बॉट्युलिझमच्या जिवाणूंना रोखतं, मग ते टाळायचं कशाला, असा आक्षेप रास्त आहे. पण ती गरज टिकवलेल्या मांसाची. त्याच दिवशी शिजणाऱ्या मटणाला ती नाही. ताज्या मांसातही जंतू असतात, हेही खरं. त्यावर उपाय म्हणजे ते लगेच घरी नेऊन आतपर्यंत पुरतं शिजवणं. राहिला आपला सोलापुरी रस्सा. कांदा-लसणातली फ्रुक्टन्स पाण्यात विरघळतात, त्यामुळे रश्श्यातून लसूण वेचून काढून भागत नाही. तेलात मात्र ती उतरत नाहीत. म्हणून पाणी घालण्याआधी अख्ख्या पाकळ्या तेलात तळून काढून टाका. वास राहील, त्रास टळेल. हे पथ्य कायमचं नाही. ते आहारतज्ज्ञांच्या सल्ल्यानेच सुरू करा आणि सोडा.