दिवाळीचे पोहे आणि नवा तांदूळ

आश्विन महिना लागला की ठाणे जिल्ह्यात हळवे भात पिकते. हळवे म्हणजे लवकर तयार होणारे. त्याच्या मागून निमगरवे, आणि सगळ्यांत शेवटी गरवे. आश्विनातल्या पुनवेला कोकणात नव्याची पुनव म्हणतात. भाताच्या लोंब्या आणि आंब्याची पाने एकत्र करून दाराला बांधतात. त्यानंतर पंधरा दिवसांत दिवाळी येते. नरकचतुर्दशीला पहाटे आंघोळ करायची, पायाच्या अंगठ्याने कारीट फोडायचे आणि फराळाला बसायचे. लाडू, करंज्या, चकल्या आता सगळीकडेच होतात. पण कोकणात जुना मान पोह्यांचा. तेही नव्या भाताच्या पोह्यांचा.

आमचे कोलशेत उल्हास खाडीच्या काठी आहे. इथे पूर्वी शेते होती. मग कारखाने आले, त्यांच्या मागून उंच इमारती आल्या. 1982 साली ठाणे महानगरपालिका झाली. हळूहळू गावपण मागे पडले. आता पोहे पिशवीतून येतात आणि नवा तांदूळ मिळालाच तर पाहुण्यांकडून. घरातल्या मुलींना पोहे कांडताना पाहायला मिळत नाही. म्हणून ते कसे होतात, हे इथे लिहीत आहोत.

भात, म्हणजे टरफलासकट दाणा, रात्रभर पाण्यात भिजत घालतात. सकाळी निथळतात. चुलीवर खापर चांगले तापवून त्यात भात थोडा थोडा भाजतात. दाणे ताडताड वाजू लागले, की लगेच उखळात ओतायचे. इथे हयगय चालत नाही. दोघी बायका आळीपाळीने मुसळ घालतात. तिसरी काठीने दाणे वरखाली करते. तिला हात फार सांभाळावा लागतो बरे! नंतर सुपात पाखडले, की टरफले उडून जातात आणि पोहे उरतात.

एवढी घाई कशाला? दाण्यात बहुतेक भाग पिठाचा असतो. दाणा भिजला आणि तापला, की ते पीठ आतल्या आत शिजून मऊ होते. मऊ दाणा मुसळाखाली चपटा होतो. तोच गार झाला की कडक होतो, आणि मग पोहे न होता कणी होते. पोहे शिजवावे का लागत नाहीत, तेही यावरून कळेल. ते उखळात पडण्याआधीच शिजलेले असतात. आपण नुसते भिजवतो.

घरी कांडलेल्या पोह्यांवर तांबूस कोंडा थोडा राहतो. तो राहू द्यावा. सन 1890 च्या सुमारास जावा बेटात आइकमान नावाच्या डच डॉक्टरांनी कोंबड्यांवर एक गोष्ट पाहिली. पांढराशुभ्र सडलेला तांदूळ खाणाऱ्या कोंबड्यांचे पाय लुळे पडत. कोंड्यासकट तांदूळ दिला, की त्या बऱ्या होत. माणसांना होणारा बेरीबेरी हा रोगही त्याच जातीचा. पुढे कळले, की कोंड्यात ब जीवनसत्त्व असते. आइकमानांना 1929 साली नोबेल पारितोषिक मिळाले. आमच्याकडच्या आज्यांना हे ठाऊक नव्हते, पण तांबडा तांदूळ पोटाला आधार देतो, असे त्या म्हणत.

आता नव्या तांदळाविषयी. एका दिवाळीत भिवंडीकडच्या पाहुण्यांनी आमच्याकडे नवा तांदूळ पाठवला. पाडव्याला व्याही जेवायला यायचे होते. वहिनींनी नेहमीच्या मापाने, वाटीला दोन वाट्या पाणी घालून भात टाकला. झाला लगदा! वाढताना भात डावाला चिकटून बसला. वहिनींचे तोंड एवढेसे झाले. व्याही भले माणूस, म्हणाले, “नवा तांदूळ दिसतोय. वास काय सुंदर आहे!” पण वहिनी काही त्या दिवशी नीट जेवल्या नाहीत.

चूक वहिनींची नव्हती, मापाची होती. कापणीच्या वेळी भातात शेकडा 20 च्या वर पाणी असते. ते वाळवून शेकडा 14 पर्यंत आणावे लागते, नाही तर कणगीत बुरशी धरते. वाळल्यानंतरही नवा दाणा कोवळाच राहतो. शिजताना तो लवकर फुटतो आणि त्याचे पीठ पाण्यात उतरते. म्हणून भात चिकट होतो. वर्षभर ठेवला की दाणा कठीण होतो, जास्त पाणी पितो आणि मोकळा शिजतो. तेव्हा नव्या तांदळाच्या वाटीला दीड वाटी पाणी पुरे. पहिल्यांदा थोडाच शिजवून पाहावा. कमी पडले तर गरम पाणी वरून घालता येते. जास्त झालेले काढता येत नाही.

पण जो चिकटपणा भाताला नको, तोच खिरीला हवा. नव्या तांदळाची खीर दुधात लवकर दाट होते. कोरिया देशातही शरदाच्या पुनवेला नव्या तांदळाच्या पिठाच्या करंजीसारख्या वड्या करतात आणि पाइन झाडाच्या काटेरी पानांवर उकडतात. आपण हळदीच्या पानात पातोळे उकडतो, तशातलाच प्रकार. बंगालमध्ये नवान्न मार्गशीर्षात होते, कारण तिकडचे मोठे पीक तेव्हा हाती येते.

यंदा दिवाळीला दडपे पोहे करून पाहा. पातळ पोहे घ्यावेत. त्यांत ओले खोबरे, बारीक चिरलेला कांदा, मिरची, कोथिंबीर, मीठ, चिमूटभर साखर आणि लिंबू घालावे. नारळ फोडताना निघालेले पाणी वरून शिंपडावे. सगळे कालवून, दाबून, वर झाकण आणि वजन ठेवावे. अर्ध्या तासात पोहे मऊ होतात. मग वरून फोडणी द्यावी. गोड हवे तर जाड पोहे धुऊन दहा मिनिटे ठेवावेत आणि त्यांत गूळ-खोबरे कालवावे.

पिशवीचे पोहे घेताना पिशवीवर छापलेली तारीख वाचा. आता तुम्हाला वाचता येते. जुने झालेले पोहे खवट लागतात, आणि त्यावर कितीही खोबरे घाला, तो वास जात नाही.