दोन कड्यांमध्ये चांदणी टांगलेलं फ्रान्समधलं गाव, आणि त्याच्या खालच्या तळ्यात गेलेलं दुसरं गाव

तुमच्या फीडवर हा फोटो कधी ना कधी येऊन गेला असेल. दोन उभे कडे, त्यांच्या मधल्या फटीत चिकटून बसलेली दगडी घरं आणि वर आकाशात साखळीला लटकणारी एक सोनेरी चांदणी. खाली कमेंटमध्ये हमखास कोणीतरी लिहितं, ‘एडिटेड आहे’.

एडिटेड नाही. गावाचं नाव मुस्तिये-सांत-मारी. दक्षिण फ्रान्सच्या प्रोव्हान्स भागात, डोंगराच्या कुशीत वसलेलं जेमतेम सातशे वस्तीचं हे गाव. ‘फ्रान्समधली सर्वात सुंदर गावं’ अशी तिकडे एक अधिकृत यादी आहे, तिच्यातही याचं नाव आहे.

पण इथे जाऊन चांदणीचा फोटो काढला, आईस्क्रीम खाल्लं आणि परतलं, तर निम्मी गोष्ट राहून जाते. कारण या भागात जे काही बघायचं आहे त्याच्या मुळाशी पाणी आहे. आणि त्या पाण्यापायी शेजारचं एक अख्खं गाव गेलंय.

आधी चांदणीचं बघू.

दंतकथा अशी की ब्लाकास नावाचा एक सरदार धर्मयुद्धाला गेला आणि शत्रूच्या कैदेत सापडला. तिथे त्याने नवस बोलला, ‘जिवंत घरी पोचलो तर माझ्या गावावर चांदणी टांगीन.’ सुटून आला आणि नवस फेडला. ही गोष्ट प्रसिद्ध केली ती फ्रेदेरिक मिस्त्राल यांनी. १९०४ साली साहित्याचं नोबेल मिळालेले हे प्रोव्हान्सचे कवी. गोष्टीला पुरावा म्हणाल तर काही नाही. चांदणी आतापर्यंत अनेकदा तुटून पडली आणि गावाने दर वेळी नवी टांगली. नवस सरदाराचा असेल, पण फेडतंय गाव.

चांदणीच्या खाली, कड्याला लागून नोत्र-दाम-द-बोव्वार हे छोटं चर्च आहे. तिथे जायला २६२ पायऱ्या. शतकानुशतकांच्या वापराने दगड गुळगुळीत झालेत, त्यामुळे चपला घालून चढायचं धाडस करू नका. वरून गावाची कौलं दिसतात, बहुतेक लोक तेवढं बघून उतरतात. पण या चर्चची एक जुनी ओळख वेगळीच होती. मृत जन्मलेली बाळं आईवडील इथे घेऊन यायचे. बाप्तिस्म्याशिवाय गेलेल्या बाळाला स्वर्ग नाही, असं तेव्हा मानलं जायचं. या चर्चमध्ये प्रार्थना केली तर बाळ क्षणभर श्वास घेतं, तेवढ्यात बाप्तिस्मा उरकता येतो, अशी श्रद्धा होती. आज सेल्फीसाठी धापा टाकत चढायच्या त्या पायऱ्या कधीकाळी लोक हातात काय घेऊन चढले असतील, हे वर पोचल्यावर एकदा तरी मनात येतं.

गावाच्या मधोमध आदू नावाचा ओढा धबाधबा उतरतो. याच्या जोरावर इथे पूर्वी गिरण्या चालायच्या. पाणी होतं, चांगली माती होती, भट्टीला लाकूड होतं. त्यातून गावाचा धंदा उभा राहिला तो फायान्सचा, म्हणजे कथिलाचा पांढराशुभ्र लेप दिलेल्या मातीच्या भांड्यांचा. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात क्लेरिसी घराण्याने तो नावारूपाला आणला. त्यांना नशिबाने हात दिला, असंच म्हणायचं. चौदाव्या लुईला युद्धांसाठी पैसा कमी पडला, त्याने सरदार-दरकदारांची चांदीची भांडी वितळवायला लावली. आता चांदी गेली तर जेवायचं कशात? मग मुस्तियेच्या ताटांना मागणी आली.

पुढे पोर्सेलीन आलं, इंग्लंडची स्वस्त भांडी आली आणि धंदा बसला. १८७४ मध्ये शेवटची भट्टीही विझली. पन्नासेक वर्षं गाव गप्प होतं. १९२७ मध्ये मार्सेल प्रोव्हान्स या माणसाने भट्टी पुन्हा पेटवली, तेव्हापासून काम सुरू आहे. आजही गावात कारागीर हाताने रंगवताना दिसतात. किंमत ऐकून दचकाल, पण दुकानात छापील नक्षीची भांडीही असतात, तेव्हा हाताचं काम कोणतं हे विचारूनच घ्या.

गावाबाहेर काही किलोमीटरवर आहे व्हेर्दों नदीची घळई. चुनखडीचा डोंगर कापत नदी इथे सातशे मीटरपर्यंत खोल गेली आहे. युरोपातल्या सर्वात मोठ्या घळयांपैकी ही एक. आणि गंमत म्हणजे विसाव्या शतकापर्यंत ती आतून कशी आहे हे बाहेरच्या जगाला माहीतच नव्हतं.

स्थानिकांना मात्र काठाकाठाने माहिती होती. एगीन गावचे लाकूडकातारी बॉक्सवुड नावाच्या झुडपाची कठीण मुळं तोडायला दोराने कड्यांवरून उतरायचे. कशासाठी? बूल खेळायच्या चेंडूंसाठी! ते लाकडी चेंडू खिळे ठोकून मढवले जायचे. पुढे धातूचे चेंडू आले आणि ही जीवघेणी कसरत संपली.

१९०५ च्या ऑगस्टमध्ये एदुआर-आल्फ्रेद मार्तेल हे गुहासंशोधक तीन दिवसांत बोटीने घळई पार करून गेले. सोबत रूगों गावचे शाळामास्तर इझिदोर ब्लां होते. ही हौसेची सफर नव्हती. सरकारला या भागातल्या पाण्याचा अभ्यास हवा होता. म्हणजे घळईत पहिली नीट मोहीम गेली तीच पाण्याचा हिशोब मांडायला.

त्या हिशोबाच्या खुणा आजही आहेत. मार्तेल यांच्या नावाची जी प्रसिद्ध पायवाट आहे, सुमारे १४ किलोमीटरची, तिच्यावर काळेकुट्ट बोगदे लागतात. नदीचं पाणी वळवून वीज करायची योजना होती, ती अर्ध्यात सोडली, बोगदे राहिले. त्यामुळे टॉर्च न्यावाच लागतो. एका ठिकाणी अडीचशेच्या आसपास लोखंडी पायऱ्या आहेत. सहा-सात तास धरून चाला, भरपूर पाणी बाळगा. वाट जिथे सुरू होते तिथे संपत नाही, म्हणून परतीच्या गाडीची सोय आधी बघा.

एक गोष्ट मात्र कानाला खडा लावून लक्षात ठेवा. वरच्या अंगाला धरणं आहेत. वीजनिर्मितीसाठी विसर्ग वाढला की ऊन असतानाही नदी अचानक चढते. पलीकडच्या दगडावर फोटोला गेलेला माणूस तिकडेच अडकू शकतो. पाट्या लावलेल्या आहेत, त्या शोभेच्या नाहीत.

घळई संपते तिथे सांत-क्रुआचं तळं सुरू होतं. निळं-हिरवं पाणी, सुमारे २,२०० हेक्टर पसारा. रील्समध्ये पेडल बोटी आणि कयाक कड्यांच्या फटीत शिरताना दिसतात, ते इथलंच. पेट्रोल-डिझेलच्या बोटींना पर्यटकांसाठी बंदी आहे, चालतात त्या वल्ह्याच्या, पायडलच्या नाहीतर बॅटरीच्या. म्हणून एवढ्या गर्दीतही तळं तुलनेने शांत वाटतं.

पण हे तळं निसर्गाने दिलेलं नाही. १९७०च्या दशकात इथे धरण बांधलं. १९७३ च्या शेवटी पाणी भरायला सुरुवात झाली आणि खोऱ्यातलं ले-साल-स्युर-व्हेर्दों हे गाव त्यात गेलं. लोकांनी वर्षानुवर्षं विरोध केला होता, उपयोग झाला नाही. घरं सुरुंग लावून पाडली, चर्चही पाडलं. कबरस्तानातले मृतदेह उकरून वर नेले. जवळच्या उंचावर त्याच नावाचं नवं गाव वसवलं, सरळ रस्त्यांचं. सुपीक खोरं, जुना पूल आणि फोंतेन-लेव्हेक नावाचा मोठा झरा, सगळं पाण्याखाली.

धरणग्रस्त हा शब्द महाराष्ट्रात कोणाला समजावून सांगावा लागत नाही. ले-सालच्या लोकांचं दुःख वेगळं नव्हतं, फक्त त्यांच्या तळ्यावर पुढे पर्यटन आलं. आज नव्या गावातले बरेच जण त्याच पाण्यावर येणाऱ्या पाहुण्यांवर जगतात.

‘दुष्काळात चर्चचा मनोरा पाण्यातून वर येतो’ असं कोणी फॉरवर्ड केलं तर विश्वास ठेवू नका. मनोरा शिल्लकच ठेवला नव्हता. मनोऱ्याचा तो प्रसिद्ध फोटो बहुतेकदा इटलीतल्या रेशेन तळ्याचा असतो.

दुष्काळाचा फटका मात्र खरा आहे. २०२२ च्या उन्हाळ्यात तळ्याची पातळी इतकी खाली गेली की गालेता पुलाखालून घळईत बोटी जाईनात. बोटवाल्यांचा ऐन हंगाम बुडाला. म्हणून बुकिंग करण्याआधी पाण्याची पातळी बघून घ्या.

जायचं कधी? जुलैत जवळच्या व्हालान्सोल पठारावर लॅव्हेंडर फुललेलं असतं, पण गर्दीही तेव्हाच, आणि महिन्याच्या मध्यापासून कापणी सुरू होते. जून किंवा सप्टेंबर सगळ्यात बरा. भर उन्हाळ्यात वणव्याचा धोका वाढला की प्रशासन काही जंगलवाटा बंद करतं, ते आदल्या संध्याकाळी तपासावं. भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो. मार्सेय किंवा नीसहून गाडीने दोन-अडीच तास, बस आहेत पण मोजक्या. गाडी भाड्याने घेतली तर ला-पालूजवळचा कड्यावरचा घाटरस्ता चुकवू नका. १९९९ पासून या भागात गिधाडं पुन्हा सोडायला सुरुवात झाली आणि सकाळी ऊन तापू लागलं की ती रस्त्याच्या पातळीला, कधी तर तुमच्या खालून घिरट्या घालताना दिसतात.