तेलाच्या पिशवीमागचे जंगल

उज्जैनच्या शिवारात पावसाळ्यात जिकडे पाहावे तिकडे सोयाबीन. इथल्या शेवेच्या कढईत मात्र बरेचदा इंडोनेशिया-मलेशियाचे पामतेल. जंगल तोडून पिकवलेले पामतेल घेणार नाही, असे पामतेलाच्या व्यापारातल्या विल्मर कंपनीने डिसेंबर २०१३ मध्ये जाहीर केले. असली वचने तपासायला बसलेल्या इंटर्न विद्यार्थ्याने आधी तारीख शोधावी: कधीनंतरची तोड चालणार नाही? जंगल तोडून पिकवलेले सोयाबीन न घेण्याच्या अ‍ॅमेझॉनमधल्या करारात ती आधी जुलै २००६ होती, पुढे जुलै २००८ झाली; म्हणजे मधल्या दोन वर्षांतली तोड माफ! नंतर पाहावी कंपनी ज्यांच्याकडून तेल घेते त्या गिरण्यांची यादी. खरी कसरत त्यापुढे, कारण छोट्या बागायतदारांची पामफळे दलालांमार्फत गिरणीत येतात आणि माग तिथेच तुटतो. ‘शाश्वत’ वगैरे गुळगुळीत शब्द खुशाल ओलांडावेत.