रद्दीतून वाचलेलं इंद्रजाल

‘इंद्रजाल कॉमिक्स’चं नाव काढलं की साठीच्या आसपासचा मराठी माणूस खुलतो. वेताळ, डायना, गुरन, मॅन्ड्रेक, लोथार, बहादूर ही नावं तो एका दमात सांगतो. ते अंक आता कुठे आहेत, असं विचारलं की उत्तर बहुधा एकच मिळतं : रद्दीत गेले. मी आयुष्यभर हे अंक जमवत आलो आणि त्यातले बरेचसे रद्दीतूनच उचलले. त्यामुळे कोणते अंक टिकले, कोणते गेले आणि का गेले, याचा हिशेब माझ्याजवळ आहे. तो इथे मांडतो.

वडील रेल्वेत होते, त्यामुळे माझं लहानपण मिरजेत गेलं. मिरज जंक्शनवर गाड्या बराच वेळ थांबत. फलाटावरच्या पुस्तकांच्या स्टॉलवर दोरीला चिमटे लावून अंक टांगलेले असत. नवा वेताळ आला की आम्ही पोरं तो आधी मुखपृष्ठावरूनच वाचून घ्यायचो. विकत घेणं क्वचितच घडे. मे महिन्याच्या सुट्टीत गल्लीतली मोठी मुलं ओट्यावर चादर अंथरून आपले अंक मांडत आणि पाच पैसे घेऊन ‘इथंच बसून’ वाचायला देत. त्या मुलांनी अंकांवर आपापली नावं घातली, शिक्के मारले, फाटलेल्या कडा भाताच्या शितानं चिकटवल्या. पहिल्या पानावर कुणाचं नाव असलं की आज बाजारात अंकाची किंमत कमी होते. माझ्या लेखी ती वाढते, कारण तो अंक कुठल्या गावात कुणी वाचला याचा तेवढाच पुरावा उरलेला असतो.

टाइम्स ऑफ इंडियाच्या बेनेट कोलमन कंपनीनं मार्च १९६४ मध्ये ‘इंद्रजाल’ सुरू केलं. अंक मासिक होता आणि किंमत साठ पैसे. ली फॉकनं १९३६ मध्ये अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांसाठी निर्माण केलेला फँटम, म्हणजेच आपला वेताळ, ‘इलस्ट्रेटेड वीकली’च्या वाचकांना आधीपासून ठाऊक होता. ‘इंद्रजाल’नं त्याला घरोघरी नेलं. पहिले बत्तीस अंक एकट्या वेताळाचे होते. मग मॅन्ड्रेक, फ्लॅश गॉर्डन, रिप कर्बी, बझ सॉयर अशी मंडळी येत गेली. मासिकाचं पाक्षिक झालं, १९८१ मध्ये साप्ताहिक झालं आणि १९९० मध्ये सगळंच थांबलं. शेवटचा क्रमांक ८०५. प्रत्यक्षात छापलेले अंक मात्र ८०३, कारण संपामुळे १२३ आणि १२४ हे अंक निघालेच नाहीत. सलग संच करायला निघालेले नवे संग्राहक अजून या दोन अंकांच्या मागे लागतात. त्यांना मी एवढंच सांगतो, की तो वेळ शंभराच्या आतले अंक शोधण्यात घालवा.

मूळ कथा आणि इंद्रजालमधली कथा शेजारी ठेवून वाचणं हा संग्राहकाचा मोठा आनंद असतो. फॉकच्या कथेतल्या वेताळाचा मुलूख आधी बंगालच्या आसपास असावा असं वाटे, पुढे त्याचं ‘बंगाला’ झालं. भारतीय वाचकाला हे खटकलं असतं, म्हणून इथल्या संपादकांनी ‘डेंकाली’ हा नवाच देश तयार केला. समुद्री चाचे मुळात ‘सिंग’, ते इथे ‘सिंगा’ झाले. वेताळाच्या बापाचा खुनी ‘रामा’ होता, त्याचा ‘रामालू’ झाला. एखाद-दुसरं अक्षर बदलून संपादकांनी किती मनं सांभाळली! गोरा माणूस जंगलातल्या काळ्या टोळ्यांचा चारशे वर्षं रक्षणकर्ता होऊन बसतो, ही कथेतली गोची मात्र नावं बदलून सुटण्यासारखी नव्हती. लहानपणी ती जाणवली नाही. आज वाचताना जाणवते आणि तरीही वेताळाचा चित्रकार साय बॅरी याची रेषा डोळ्यांना धरून ठेवते. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्यातली एक लपवून जुन्या कॉमिक्सचं प्रेम सांगू नये.

इंद्रजालमध्ये देशी नायक आला डिसेंबर १९७६ मध्ये. आबिद सुरतींच्या ‘बहादूर’चा वेश होता भगवा कुडता आणि जीन्स. बाप दरोडेखोर, पोलिसांच्या गोळीला बळी पडलेला, आणि ज्या पोलीस अधिकाऱ्यानं त्याला मारलं त्याच्याच छायेत वाढलेला मुलगा पुढे गावकऱ्यांचं नागरिक सुरक्षा दल उभारतो. त्या दशकात चंबळच्या दरोडेखोरांच्या बातम्या रोज पेपरात असत, त्यामुळे बहादूरचं जयगढ आम्हाला डेंकालीपेक्षा फार जवळचं वाटलं. सुरुवातीच्या बहादूरची चित्रं गोविंद ब्राह्मणियांची. इंद्रजालच्या आरंभीच्या अंकांची मुखपृष्ठंही त्यांनीच रंगवली होती. स्टॉलवर लांबून आम्हाला हाक मारली ती त्यांच्या कुंचल्यानं, आणि एवढं असूनही त्यांचं नाव ठाऊक असलेले वाचक मला फार थोडे भेटले.

चित्रकारांच्या नावांचा विषय निघालाच आहे, तर जरा थांबतो. इंद्रजालच्या सुरुवातीच्या काळात टाइम्समध्ये काम केलेले अनंत पै १९६७ मध्ये इंडिया बुक हाउसकडे गेले आणि ‘अमर चित्र कथा’चे जनक झाले. तिथला ‘कृष्ण’ हा अंक क्रमांक ११. पहिले दहा कुठे गेले, असा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. ते दहा अंक परदेशी परीकथांचे होते आणि कन्नडमध्ये निघाले होते. ‘कृष्ण’ची चित्रं काढली राम वाईरकरांनी. पुढे १९८० मध्ये सुरू झालेल्या, मुलांसाठीच्या ‘टिंकल’मध्ये सुप्पंडीला चेहरा दिला तोही वाईरकरांनीच. शिकारी शंभूची डोळ्यांवर उतरलेली टोपी वसंत हळबेंची, कालिया कावळा प्रदीप साठेंचा. पुण्याच्या प्रताप मुळीकांनी अमर चित्र कथेचे कितीतरी अंक काढले आणि नंतर राज कॉमिक्सचा नागराजही रंगवला. बाबासाहेब आंबेडकरांवरच्या अंकाची चित्रं दिलीप कदमांची.

ही सगळी आपली माणसं. त्यांचं काम देशभरातल्या मुलांनी पाहिलं. राम आणि कृष्ण कसे दिसतात, हे एका पिढीच्या मनात या मंडळींनी ठरवून टाकलं. राक्षस काळे, देव गोरे-निळे, स्त्रिया एकाच साच्यातल्या, अशी टीका अभ्यासकांनी केली आहे आणि ती रास्त आहे. पण ती करायलासुद्धा मूळ अंक समोर असावे लागतात. नव्या आवृत्त्यांत मुखपृष्ठं बदलली, क्रमांक बदलले. ‘कृष्ण’ आता ५०१ या क्रमांकानं मिळतो. ११ क्रमांकाचा जुना अंक हातात घेतल्यावरच वाईरकरांच्या सुरुवातीच्या कामाची चव कळते.

नोकरीसाठी मुंबईला आलो आणि जमवाजमवीला खरा जोर आला. फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर पुस्तकवाल्यांच्या रांगा होत्या, माटुंग्याला किंग्ज सर्कलपाशी होत्या. पुण्याला गेलो की अप्पा बळवंत चौकाची फेरी ठरलेली. पण खरं घबाड मिळे ते उपनगरांतल्या रद्दीच्या दुकानांत. रद्दीवाला गठ्ठा सोडायला नाखूश असतो, तेव्हा सगळा गठ्ठाच वजनावर घ्यायचा आणि घरी येऊन निवडायचा. ही युक्ती मला एका जुन्या संग्राहकानं शिकवली. अंक हातात आला की आधी मधलं पान बघायचं. दोन पिनांवर सगळा भार असल्यामुळे सर्वांत आधी मधलं जोडपान सुटतं, आणि नेमकी तिथेच कथा रंगात आलेली असते.

जपणुकीबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण अंक चोरीपेक्षा वेड्या मायेनं जास्त मेले आहेत. ही कॉमिक्स हलक्या कागदावर छापलेली असतात. त्यातलं आम्ल हळूहळू कागदालाच खातं, आधी कडा पिवळ्या पडतात, मग तपकिरी होतात आणि शेवटी दुमडलं तिथे तुकडा पडतो. मुंबईच्या पावसात पिना गंजतात आणि गंजाचा डाग पानापानांतून उतरतो. अशी पीन बोटांनी हळूच सरळ करून काढावी आणि त्याच भोकांतून सुती दोरा ओवावा. सेलोटेप कधीही लावू नये. काही वर्षांनी टेप गळून पडते आणि चिकट तपकिरी पट्टा कायमचा मागे राहतो. रेक्झिनच्या पुठ्ठ्यात दहा-दहा अंक बांधून घेण्याची फॅशन होती. बाइंडर तिन्ही बाजू कापून सारख्या करी आणि त्यात अंकाचा क्रमांक, चित्राची कड, कधी संवादाची ओळसुद्धा जाई. असे बांधीव खंड पाहिले की मला आजही वाईट वाटतं. बांधणाऱ्याला ते अंक जपायचेच होते!

या सगळ्यात सर्वांत दुर्मीळ काय, तर मराठी इंद्रजाल. इंग्रजी अंक सुस्थितीत मिळतात, त्यांना परदेशातही गिऱ्हाईक आहे, त्यांच्या याद्या आहेत. मराठी अंक जास्त हातांतून फिरले. वाचनालयांनी ते झिजेपर्यंत वापरले आणि मग फेकले, कारण ग्रंथालयाच्या नोंदवहीत कॉमिकला पुस्तकाचा मान नव्हता. आणि या अंकांबरोबर वाया गेलेलं भाषांतराचं काम मोठं आहे. इंग्रजी अक्षरांसाठी आखलेल्या फुग्यांत वेलांट्या-उकारांसकट मराठी वाक्य बसवायचं म्हणजे शब्द मोजून, छाटून, बोलता येईल असंच लिहावं लागे. माझ्या पिढीतल्या अनेकांनी धड्याच्या पुस्तकाआधी मराठी वाचन पक्कं केलं ते याच फुग्यांवर. त्या भाषांतरांचा अभ्यास व्हायला हवा, आणि त्यासाठी एका जागी पूर्ण मराठी संच हवा. माझ्या जमवलेल्या मराठी अंकांतही अजून मोठ्या फटी आहेत.

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरचे गठ्ठे खाली येतात. रद्दीवाल्याच्या काट्यावर ठेवण्याआधी एकदा सोडून बघा. इंद्रजाल, जुनी अमर चित्र कथा, टिंकलचे सुरुवातीचे अंक दिसले तर झटकू नका, चिकटवू नका, बांधून घेऊ नका. सुती कापडावर सपाट ठेवा, आत कुणाचं नाव-गाव असेल तर ते खोडू नका आणि गावातल्या जुन्या ग्रंथालयाला विचारा. त्यांनी नको म्हटलं तर एखाद्या संग्राहकाला द्या, पैसे घेऊन दिलेत तरी चालेल. मुखपृष्ठ नसलेला, पानं सुटलेला मराठी अंकसुद्धा हवा आहे.